चौथा कप्पा

बारा दिवसांत मास्तरांचे त्रेसष्टपैकी छत्तीस तुकडे उलटून झाले होते. सदतिसाव्यापाशी ते अडले आणि पुढचे दोन तास खुर्चीतून उठले नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. छापखान्यांत कागद कापायची मोठी मशिनं असतात, त्यांचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं नोकरीला होते. कुणी साधं 'हे असं का?' म्हटलं तरी फळ्यापाशी जाऊन खडू उचलायचे, म्हणून हे नाव पडलं. पुढे फळा गेला, खडू गेला, मास्तर तेवढे राहिले.

आता हे तुकडे उलटणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मशीनचा मेंदू म्हणजे एक चिप. तिनं काय करायचं ते माणूस सी भाषेत लिहितो आणि कंपायलर नावाचा प्रोग्राम ते चिपच्या भाषेत उतरवून देतो. पण काही जागी घाई इतकी असते की कंपायलरच्या भरवशावर राहून चालत नाही. बटण दाबलं का, पेडल सुटलं का, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात कळावं लागतं. अशा जागी माणूस सीच्या मधोमध चिपची भाषाच घुसवतो. तिला असेंब्ली म्हणतात. गोची अशी, की ती घुसवायची रीत प्रत्येक कंपायलरची वेगळी असते. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्याच्या पचनी पडत नाही.

कंपनीचा जुना कंपायलर ज्यांनी बनवला होता ते केव्हाच गाशा गुंडाळून गेले होते. तो चालायचा फक्त कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर, आणि तो कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू होताना असा घरघरायचा की सगळे हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. शेवटी साहेबांनी ठरवलं, चिप तीच ठेवायची, कंपायलर नवा घ्यायचा. सीचा भाग फारशी कुरकुर न करता चालला. असेंब्लीचे त्रेसष्ट तुकडे नव्याच्या रीतीत उलटायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. पडणारच, ते लिहिले होते त्यांनीच.

काम किचकट होतं, पण मास्तरांना त्याची गोडी लागली. जुना कंपायलर आधी 'कुठे' विचारायचा आणि मग 'काय': पेटीत ठेव पेरू. नव्याला आधी 'काय' लागायचं आणि मग 'कुठे': पेरू ठेव पेटीत. पहिले दोन दिवस मास्तरांनी पेटीच पेरूत ठेवली. मग हात बसला.

खरा फरक निराळाच होता. चिपच्या आत अगदी हाताशी अशा मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. जो तो आपली चालू कामाची वस्तू तिथेच ठेवतो, कंपायलरही आणि तुम्हीही. जुन्या कंपायलरच्या पुस्तकात याबद्दल एका ओळीचा नियम होता: पहिली चार रजिस्टरं तुमची, शेवटची दोन माझी, माझ्यात हात घातलात तर होतं तसं परत ठेवा. बस्स. पुढे तो तपासायचा नाही की विचारायचा नाही. नवा मात्र महाचौकस. त्याच्याकडे प्रत्येक तुकड्याला चार कप्पे. पहिल्यात हुकूम, दुसऱ्यात बाहेर काय येणार, तिसऱ्यात आत काय जाणार आणि चौथ्यात, तुम्ही माझं काय काय विस्कटणार आहात. चौथ्या कप्प्यात जे लिहिलं नाही, त्याला तुमचं बोटही लागलेलं नाही असं तो धरून चालतो.

घरी आलेल्या पाहुण्याकडून कुठल्या पेल्यानं पाणी प्यालात ते लिहून घ्यावं, तसला हा प्रकार. मास्तर त्याच्या नावानं बोटं मोडायचे. "अरे, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून लिहितोय मी. माझ्यावर भरवसा नाही होय तुझा?" असं स्क्रीनला म्हणायचे आणि मुकाट्यानं यादी भरायचे.

सदतिसावा तुकडा पेडलचा होता. जेमतेम अकरा ओळींचा. वर त्यांचीच टीप: 'पेडल वाचा. यात बदल करू नये.' खाली तारीख, सोळा वर्षांपूर्वीची. मास्तर चौथा कप्पा भरू लागले. पहिलं रजिस्टर, हो. दुसरं, हो. तिसरं, नाही. चौथं, हो. आणि सातव्या ओळीत पाचवं. पाचवं म्हणजे कंपायलरच्या मालकीचं. ते वापरलं होतं आणि होतं तसं परत ठेवलं नव्हतं.

त्यांनी अकराही ओळी पुन्हा वाचल्या. मग एकेका ओळीवर बोट ठेवून वाचल्या. परत ठेवायची ओळ कुठेच नव्हती. घाईघाईत राहून गेलेली एका ओळीची चूक. दुसऱ्या कुणाच्या कोडमध्ये ती दिसली असती तर मास्तरांनी त्याला अर्धा तास सुनावलं असतं.

पण ते खुर्चीतून उठले नाहीत ते नुसत्या चुकीमुळे नव्हे. पेडल म्हटलं की मास्तरांना एकच माणूस आठवायचा, आणि तो माणूस त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

भाऊजी चौदा वर्षांपूर्वी एका मोठ्या छापखान्यात कटर होते. कागद कापणारे पुष्कळ असतात, पण त्यांच्यासारखे तेच. पाचशे कागदांचा गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून असा जुळवायचे की कडेवरून नख फिरवलं तरी कुठे अडायचं नाही. मशीन या कंपनीचं, आतला कोड मास्तरांचा. "मेहुण्याच्या मेंदूवर चालतं माझं मशीन," असं सगळ्यांना सांगत ते छापखान्यात मिरवायचे.

त्या मशीनची रीत सोपी होती. पेडल दाबलं की दाबपट्टी खाली येऊन गठ्ठा घट्ट धरते. मग टेबलाच्या दोन टोकांना असलेली दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, तेव्हाच पातं उतरतं. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे पात्याखाली हात सापडायचा प्रश्नच येत नाही. एका सकाळी भाऊजी पेडलवरचा पाय उचलून उजव्या हातानं गठ्ठ्याची कड सारखी करत होते, आणि पातं उतरलं. उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशी बसली. भाऊजींनी सांगितलं, मी बटणाला हातही लावला नव्हता. मग मशीन बनवणाऱ्यांचा जाणकार म्हणून मास्तरांना बोलावलं गेलं आणि विचारलं, बटणं न दाबता पातं येऊ शकतं का? मास्तर म्हणाले, कोडमध्ये तशी वाटच नाही. इथवर त्यांना दोष देता येत नाही, त्यांना खरोखर तसं वाटत होतं. पण विचारलं तेवढंच सांगून गप्प बसतील तर ते मास्तर कसले! ते पुढे म्हणाले, "काही कामगार एका बटणात पुठ्ठ्याचा बोळा अडकवून ठेवतात. बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा मिळतो. मी दुसरीकडे पाहिलंय हे." तोवर बोळ्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीनखाली चार घड्यांचा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. छापखान्यात पुठ्ठ्याचा तुकडा सापडला यात नवल ते काय, पण अहवालाला तेवढा पुरला.

भाऊजींची नोकरी गेली, आणि घरात त्याहून वाईट झालं. ताईनं नवऱ्याचा नव्हे, भावाचा शब्द धरला. लहानपणापासून तिची खात्री, की हा कधी खोटं बोलत नाही आणि मशीनच्या बाबतीत तर नाहीच नाही. वर्षभर त्या घरात एकच भांडण चाललं. भाऊजी म्हणायचे, नव्हता लावला मी बोळा. ताई म्हणायची, मग माझा भाऊ खोटं बोलला का? शेवटी एके दिवशी ती लेकीला घेऊन माहेरी निघाली आणि दारात उभी राहून म्हणाली, "हात गेला त्याचं काही नाही हो, पण माझ्याशी तरी खरं बोला. एकदा कबूल करा, मी राहते." भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, "लावला होता." त्या दिवसापासून घर शांत झालं.

हे सगळं मास्तरांच्या डोक्यात त्या दोन तासांत फिरून गेलं. मग त्यांनी स्वतःला समजावलं, की चूक आहे म्हणून काय झालं, अपघात तिच्यामुळेच झाला असं कुठे आहे? पाचव्या रजिस्टरमध्ये त्या क्षणी कंपायलरनं काही ठेवलेलंच नसेल, तर विस्कटून विस्कटणार काय?

ते कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपाशी गेले. तो घरघरला, तापला, आणि कधी नव्हे ते मास्तरांना वाटलं, आज हा बंद पडला तर बरं. तो बंद पडला नाही. चौदा वर्षांपूर्वीचा कोड जुन्या कंपायलरमधून काढून त्यांनी चिपच्या भाषेतली यादी समोर घेतली. पेडलच्या तुकड्याच्या जरा आधी कंपायलर पाचव्या रजिस्टरमध्ये एक उत्तर ठेवत होता. प्रश्न असा: दोन्ही बटणं दाबली आहेत का? नाही असेल तर शून्य, हो असेल तर एक.

मास्तरांचा तुकडा तिथे आपलं खरकटं टाकून जात होता. ते खरकटं बहुतेक वेळा शून्य असायचं, म्हणून सोळा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पेडल सुटण्याची वेळ आणि चिपच्या आतल्या घड्याळाचा ठोका नेमके एकाच क्षणी पडले, तर तिथे एक उरत होता. मग चिपच्या लेखी दोन्ही बटणं दाबलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी टेबलावर जुन्या मशीनच्या कंट्रोलरचा, चिप बसवलेला बोर्ड मांडला. पात्याच्या जागी दिवा जोडला. माणसाच्या पायाऐवजी सेकंदाला वीस वेळा पेडल दाबणारं आणि सोडणारं एक यंत्र लावलं. बटणं जोडलीच नाहीत, त्यांच्या तारा हवेत सोडून दिल्या. अकराला सुरू केलं. जेवायच्या सुट्टीत सगळे उठले, मास्तर उठले नाहीत. दिवा लागू नये, एवढंच ते मनात घोकत होते. आयुष्यभर त्यांनी आपला अंदाज खरा ठरावा म्हणून धडपड केली होती, आज तो खोटा ठरावा म्हणून ते कासावीस झाले होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी बोर्डावरच्या विजेच्या खटक्यानं टक् केलं आणि दिवा लागला.

पावणेपाचला पुन्हा लागला. मास्तरांनी यंत्र बंद केलं. त्यांना रडू आलं नाही. लाज वाटली, मान वर करून कुणाकडे बघू नये इतकी लाज. भाऊजींचा प्रत्येक शब्द खरा होता आणि तो खोटा पाडायला आपण कसे आत्मविश्वासानं, टेबलावर बोट आपटत बोललो होतो, ते त्यांना आवाजासकट आठवलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला त्रास नको असायचा.

"नव्या कोडमध्ये हा दोष आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. नवा कंपायलर विचारतो, मी लिहिलं, आता तो त्या रजिस्टरला सांभाळून चालतो."

"मग झालं की, मास्तर. नवा कोड सगळीकडे जाणारच आहे."

"जाईल तेव्हा जाईल. आज, या घटकेला, जुनी एकशे चाळीस मशिनं चालू आहेत. त्यांच्यापुढे माणसं उभी आहेत."

साहेब खुर्चीत सरळ बसले. एवढं मात्र त्यांना पटलं. मास्तरांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं: नवा कोड बसेपर्यंत मशिनं बंद ठेवा, बटणं न दाबताही पातं उतरू शकतं. शेवटच्या परिच्छेदात चौदा वर्षांपूर्वीच्या अपघाताचा उल्लेख होता, त्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता असा. साहेबांनी पेन उघडून तो परिच्छेद सरळ रेघेनं कापला.

"हे कशाला उकरायचं? त्या माणसानं स्वतः कबूल केलंय ना पुढे? तुम्हीच सांगितलं होतं मला."

मास्तर त्यावर बोलू शकले असते. बोलले नाहीत. पत्र त्याच संध्याकाळी गेलं, दुसऱ्या दिवसापासून मशिनं थांबली, आणि खरं सांगायचं तर तो परिच्छेद कापला गेला तेव्हा मास्तरांना घटकाभर सुटल्यासारखं वाटलं. याचीही त्यांना नंतर लाज वाटली. पण ताईकडे जायला त्यांनी तीन आठवडे लावले. एकदा पाय दुखतो म्हणून, एकदा पाहुणे येणार म्हणून. तिसऱ्या आठवड्यात सबबी संपल्या.

रविवारी सकाळी ते तीन जिने चढून ताईच्या घरी पोचले. ताई खिडकीपाशी शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना अस्तर लावत होती. लेक लग्न होऊन लांब गेली होती, घरात दोघंच असायची. भाऊजी एका गोदामाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं काम करत. डाव्या हातानं लिहायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

"आलास? मला वाटलं घर विसरलास," ताई मान वर न करता म्हणाली. "ते ड्यूटीवर आहेत, बाराला सुटतील. बस. चहा टाकू?"

"नको. ताई, मला तुझ्याशी बोलायचंय."

तिनं वर पाहिलं. "चेहरा का असा उतरलाय? तब्येत बरी आहे ना?"

मास्तरांनी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. रजिस्टर कसं समजावायचं, कुठून सुरुवात करायची. त्यातलं काही आठवलं नाही. ते म्हणाले, "भाऊजींनी बोळा लावला नव्हता."

शिलाई मशीन आणखी चार बोटं चाललं आणि थांबलं.

मग त्यांनी सांगितलं, जमेल तसं. माझ्या कोडमध्ये चूक होती. मशीनला वाटलं दोन्ही बटणं दाबली. मी टेबलावर करून पाहिलं, दोनदा झालं. भाऊजी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. ताई ऐकत होती आणि पडद्याच्या कापडावरची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"तू तेव्हा म्हणालास, वाटच नाही."

"म्हणालो."

"मी तुला बाजूला घेऊन विचारलं होतं. तुझी खात्री आहे ना, माझ्या संसाराचा प्रश्न आहे, असं म्हणाले होते मी. आठवतंय?"

"आठवतंय."

"आणि मी त्यांच्याकडून वदवून घेतलं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बॅग हातात घेऊन दारात उभी राहिले. पोरीच्या देखत. खरं बोला म्हणाले. ते खरंच बोलत होते रे."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला. तिनं तो झटकला.

"आता कशाला आलास? चौदा वर्षांनी? तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला? ते आता रात्री शांत झोपतात, माहितेय तुला? आधी झोपेतून उठून बसायचे. नको सांगूस त्यांना. काही सांगू नकोस." ती उठली, स्वयंपाकघरात गेली, एक भांडं उगाचच इकडचं तिकडे ठेवलं आणि परत आली. डोळे लाल झाले होते. "नाही. सांग. तूच सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं ते."

बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. भाऊजींनी कोपरानं कडी उचलून दार ढकललं. केस पार पांढरे झालेले, पण चेहरा हसरा.

"अरे वा, मास्तर! आज सूर्य कुठून उगवला?"

"भाऊजी, जरा बसा."

भाऊजींनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. "कुणी गेलं का?"

"नाही, नाही. बसा तुम्ही."

ते बसले आणि मास्तरांनी पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती. तुमची नव्हती. मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. तुम्ही मला काय हवं ते बोला."

भाऊजींनी पुढे वाकून मास्तरांच्या गुडघ्यावर थोपटलं, तापलेल्या पोराला थोपटावं तसं.

"इतकं मनाला लावून घेतोस? अरे, वेडा का तू. एवढा कोड लिहिणारा माणूस, कुठे काहीतरी राहणारच. पण माझं ते त्याच्यानं नाही झालं. मी बोळा लावला होता."

"भाऊजी, आता कबूल करायची गरज नाही. मी दिवा लागताना पाहिला."

"लागला असेल. तुझ्या टेबलावर लागला. माझ्या मशीनवर बोळा होता. मला लख्ख आठवतंय. शाईच्या खोक्याचं झाकण फाडलं होतं मी, पिवळट पुठ्ठा होता. तीन घड्या घातल्या तर सैल बसला. मग चौथी घातली. उजव्या बटणाच्या फटीत सारला आणि अंगठ्यानं दाबला."

ते हे असं सांगत होते, जसं कुणी परवा बाजारातून काय आणलं ते सांगावं. मास्तर इतकी वर्षं समजत आले होते, की घर टिकावं म्हणून या माणसानं एकदा खोटंच कबूल केलं आणि पुढे तो गप्प राहिला. तसं राहिलंच नव्हतं. भाऊजी खोटं बोलत नव्हते. त्यांना तो बोळा दिसत होता, त्याचा रंग दिसत होता. तो त्यांनी रोज थोडा थोडा आठवून आठवून खरा केला होता, कारण तो खरा असल्याशिवाय त्यांना या घरात बसता आलं नसतं.

"असं नव्हतं झालं," मास्तर म्हणाले. "बोळ्याचं मी बोललो होतो. आधी मीच बोललो होतो, चौकशीत."

"तू बोललास ते बरोबरच बोललास. थांब, दाखवतो तुला."

भाऊजी उठले. ताईच्या मशीनजवळ दोऱ्याच्या रिळांचं रिकामं खोकं पडलं होतं. ते त्यांनी दोन गुडघ्यांत धरलं आणि डाव्या हातानं झाकण ओढून फाडलं. फाटलेला तुकडा छातीशी धरला, वरून हनुवटी दाबून पक्का केला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याला घडी घातली. मग दुसरी. दर घडीला हनुवटी उचलायची, तुकडा फिरवायचा, पुन्हा हनुवटी टेकवायची. चौदा वर्षांत अंगवळणी पडलेलं काम, सफाईनं चाललं होतं. तिसरी घडी. चौथी.

"असा," ते म्हणाले. "हनुवटीनं धरला आणि अंगठ्यानं घड्या घातल्या. अगदी असाच केला होता त्या दिवशी. अजून डोळ्यांसमोर आहे."

ताई त्या बोळ्याकडे बघत होती.

"अहो," ताई म्हणाली. "तेव्हा तुम्हाला दोन हात होते."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या बोळ्याकडे. उजवी बाही त्यांनी जराशी वर उचलली आणि बोळा तिच्या टोकाशी नेऊन पाहिला, तिथे हात असता तर कसं धरलं असतं ते बघितल्यासारखं. पुन्हा एकदा पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, ते नुसतंच तिथे राहिलं होतं.

"मग दोन हातांनी कसा केला होता मी?"

"केलाच नव्हता, भाऊजी."

"पण मला दिसतोय ना तो. चौदा वर्षं दिसतोय." ते खुर्चीत बसले. बोळा मुठीतच होता. "मग हे माझ्या डोक्यात घातलं कुणी?"

"मी," मास्तर म्हणाले, आणि त्याच क्षणी ताईही तेच म्हणाली.